पेन्सिलीनं धरलेली तारीख : एआय एजंटच्या टूलचं वर्णन कसं लिहावं

बडोद्याला दांडिया बाजारात माझ्या काकांचं मंगल कार्यालय आहे. त्यांच्या टेबलावर एक लांबट वही असते. ज्यांनी ॲडव्हान्स भरला त्यांचं नाव त्या तारखेच्या पानावर शाईनं लिहिलेलं असतं. जे म्हणाले, "घरी विचारून दोन दिवसांत कळवतो," त्यांचं नाव पेन्सिलीनं. तीस वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला आहे, कारण वही उघडणाऱ्या प्रत्येकाला पेन्सिल आणि शाई यांतला फरक न सांगता कळतो.

मागच्या वर्षी मी काकांना एक एआय एजंट, म्हणजे ग्राहकांना आपोआप उत्तरं देणारा संगणकी मदतनीस, करून दिला. वही तोवर संगणकावर आलीच होती. व्हॉट्सॲपवर कुणी चौकशी केली की एजंटनं तारीख बघून उत्तर द्यावं, एवढीच अपेक्षा. पहिल्याच आठवड्यात कुणी तरी विचारलं, "७ डिसेंबर रिकामी आहे का?" एजंटनं सांगितलं, "हो, रिकामी आहे." त्या तारखेला कारेलीबागेतल्या एका घराचं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. दोन्ही घरांना फोन करून काकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. मग ते मला म्हणाले, "अगं, त्याला पेन्सिल दिसत नाही का?"

नव्हती दिसत. मी ती दाखवलीच नव्हती. वहीतून माहिती काढणारं माझं टूल, म्हणजे एजंटनं वापरायचा छोटा प्रोग्राम, फक्त पक्की बुकिंग शोधत होतं, आणि त्याच्या वर्णनात मी लिहिलं होतं : "तारीख रिकामी आहे का ते बघतं." कोड जेवढं करत होता त्यापेक्षा वर्णन जास्त कबूल करत होतं. एजंटच्या आतल्या भाषेच्या मॉडेलनं वर्णनावर विश्वास ठेवला. त्याच्याकडे विश्वास ठेवायला दुसरं काही नव्हतंच.

हे नीट कळायचं तर आत काय चालतं ते पाहायला हवं. भाषेचं मॉडेल स्वतः फक्त मजकूर लिहितं. त्याला वही उघडता येत नाही, फोन लावता येत नाही, आज तारीख कोणती हेही आपण सांगितल्याशिवाय त्याला माहीत नसतं. म्हणून आपण त्याला टूल देतो, आणि टूल देणं म्हणजे प्रत्यक्षात एक यादी देणं. यादीत प्रत्येक टूलचं नाव, ते काय करतं याचं वर्णन आणि ते चालवताना भरायचे रकाने असतात. ग्राहकाच्या प्रश्नाबरोबर ही सगळी यादी मजकूर म्हणूनच मॉडेलसमोर ठेवली जाते. मॉडेल प्रश्न वाचतं, यादी वाचतं आणि लिहून देतं : 'तारीख_तपासा' चालवा, तारखेच्या रकान्यात अमुक भरा. (हे नाव प्रत्यक्ष कोडमध्ये रोमन अक्षरांत असतं, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत.) तो मजकूर आपला साधा प्रोग्राम वाचतो, वही बघतो आणि उत्तर पुन्हा मजकुराच्या रूपात मॉडेलला देतो. मॉडेल ते वाचून ग्राहकाला कळवतं, नाही तर पुढचं टूल मागतं. हे चक्र काम पुरं होईपर्यंत चालतं. अशा मॉडेलला, त्याच्या टूल्ससकट, एजंट म्हणायचं.

या सगळ्यात टूलचा कोड मॉडेलच्या नजरेला एकदाही पडत नाही. तो कितीही सुबक लिहिलेला असो, मॉडेलपुरतं टूल म्हणजे त्याचं नाव, चार ओळी आणि रकाने.

काकांकडे नवा मुलगा कामाला लागला तर तोही पहिल्या दिवशी अडाणीच असतो. पण तो थबकतो, काकांच्या चेहऱ्याकडे बघतो, "हे पेन्सिलीनं का लिहिलंय?" म्हणून विचारतो. चार दिवसांत घरची रीत त्याच्या अंगवळणी पडते. मॉडेलकडे जगभरचं ज्ञान आहे, पण आमच्या घरची रीत त्याला ठाऊक नाही, आणि प्रत्येक नव्या संभाषणात त्याचा पहिलाच दिवस असतो. न थबकता ते वाचतं आणि कामाला लागतं. म्हणून नव्या मुलाला जे चार दिवसांत कळतं, ते सगळं वर्णनात आधीच असावं लागतं.

मी ते वर्णन पुन्हा लिहायला बसले तेव्हा दोन तास गेले. शेवटी जे उरलं ते असं :

"दिलेल्या तारखेला कार्यालय मोकळं आहे का ते सांगतं. उत्तर तीनपैकी एक येतं : मोकळं, तात्पुरतं धरलेलं, पक्कं. लग्नासाठी ताबा आदल्या दिवशी दुपारी ४ पासून दिला जातो, म्हणून हे टूल आदल्या दिवसाची संध्याकाळही तपासतं. ग्राहक तारखेबद्दल विचारत असेल तेव्हा, आणि कोणतंही बुकिंग करण्याआधी, हे चालवा. 'तात्पुरतं धरलेलं' असं उत्तर आलं तर तारीख रिकामी आहे असं सांगू नका. आधीच्या कुटुंबानं सोडली तर कळवू का, असं विचारा. मुहूर्त आहे की नाही हे या टूलला कळत नाही. दरासाठी 'दर_सांगा' वापरा."

यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या अनुभवातून आलं आहे. तीन उत्तरांचं वाक्य पेन्सिलीमुळे आलं, आणि त्याबरोबर अर्थात कोडही बदलला. ताब्याचं वाक्य सीमांतपूजनामुळे. मराठी लग्नाची मंडळी आदल्या संध्याकाळीच कार्यालयात उतरतात, त्यामुळे ७ तारखेचं लग्न ६ तारखेची संध्याकाळही अडवतं. आम्हाला हे इतकं उघड वाटतं की लिहायचं सुचत नाही. नेमकं तेच लिहायचं असतं. मला आता एक सवय लागली आहे : वर्णन वाचताना "हे तर कुणालाही कळेल" असं जिथे वाटतं, तिथे थांबून ते वाक्य लिहून टाकायचं.

मुहूर्ताच्या ओळीमागेही एक प्रसंग आहे. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत इथली गुजराती घरं कमुरता पाळतात, त्या दिवसांत लग्न ठेवत नाहीत. साहजिकच आमचं कार्यालय तेव्हा मोकळं असतं. एका गुजराती ग्राहकाला एजंटनं सांगितलं, "२० डिसेंबर मोकळी आहे, लग्नासाठी उत्तम दिवस." पहिला भाग वहीतला होता. दुसरा मॉडेलनं सौजन्य म्हणून पदरचा जोडला होता. टूल काय करतं हे सगळेच लिहितात. ते काय करत नाही हे फार थोडे लिहितात, आणि माझ्या मते वर्णनातला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. हद्द आखून दिली नाही तर मॉडेल मदतीच्या भरात हद्दीपलीकडे जातं.

आता रकाने. इथे बडोद्याची भाषा आडवी येते. आमचे ग्राहक मराठी, गुजराती आणि हिंदी एकाच वाक्यात लिहितात. मराठीत 'काल' म्हणजे होऊन गेलेला दिवस. गुजरातीत नुसतं 'काले' म्हटलं तर ते कालही असू शकतं आणि उद्याही, संदर्भानं कळतं. हिंदीतल्या 'कल'चंही तेच. आणि आपण तरी कुठे वेगळे, आपला 'परवा' दोन्ही दिशांना जातो. "काले जोवा आवीए?" म्हणजे "उद्या बघायला येऊ का?" हे आजची मॉडेल्स बहुधा बरोबर ओळखतात. पण माझ्या टूलच्या रकान्यावर फक्त 'तारीख' एवढंच लिहिलेलं होतं, म्हणून एकदा मॉडेलनं त्यात ग्राहकाचा शब्दच जसाच्या तसा भरला : 'काले'. माझ्या प्रोग्रामनं त्याचा मराठी अर्थ घेतला आणि भेटीची वेळ होऊन गेलेल्या दिवसावर टाकली.

रकान्यालाही स्वतःचं वर्णन असतं, हे तोवर मी मनावर घेतलं नव्हतं. आता तिथे लिहिलं आहे : "तारीख वर्ष-महिना-दिवस अशी भरा, उदा. २०२५-१२-०७. ग्राहकानं 'काल', 'परवा', 'येत्या रविवारी' असे शब्द वापरले तर आजच्या तारखेवरून दिवस ठरवा, आणि बुकिंगआधी तो वारासकट ग्राहकाला सांगून होकार घ्या." वार सांगायची सूचना काकांची. तारीख ऐकून माणूस मान डोलावतो, पण "रविवार ना?" म्हटलं की त्याची चूक त्यालाच सापडते. पाडव्याचंही असंच. गुजराती घराचं बेसतुं वर्ष, म्हणजे त्यांचा नववर्षदिन, आणि आपला दिवाळी पाडवा एकाच दिवशी येतात, पण मराठी माणूस नुसतं "पाडव्याला" म्हणाला तर त्याच्या मनात गुढीपाडवा असू शकतो. अशा सणांसाठी वर्णनात एकच सूचना पुरते : कुठला, ते विचारा.

जिथे उत्तरं मोजकी असतात तिथे रकाना मोकळा ठेवूच नये. आमच्याकडे कार्यालय सकाळ, संध्याकाळ किंवा पूर्ण दिवस एवढ्याच प्रकारांनी मिळतं. रकान्याच्या व्याख्येत हे तीन पर्याय बांधून दिले की 'दुपारनंतर' किंवा 'हाफ डे' असं काही आत शिरत नाही. आणि एककं लिहावीत, कितीही क्षुल्लक वाटली तरी. सराफाच्या दुकानात कुणी एजंट बसवला आणि रकान्याला नुसतं 'वजन, तोळ्यांत' म्हटलं तर काय होईल पाहा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि आज बाजारात तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा. आजीचे दागिने आणि नातीचा हार यांत एकच शब्द वेगवेगळं वजन सांगतो. तिथे रकाना ग्रॅमचाच हवा.

माहिती नसेल तेव्हा काय करायचं, हेही रकान्यातच सांगावं लागतं. मॉडेलचा स्वभाव वाक्य पुरं करण्याचा आहे. रकाना भरणं सक्तीचं आहे आणि ग्राहकानं संख्या सांगितलेली नाही, असं झालं तर ते पटण्याजोगा दिसणारा एखादा आकडा भरून मोकळं होण्याची भीती असते. "ग्राहकानं सांगितलं नसेल तर अंदाज करू नका, विचारा" हे वाक्य मी माझ्या प्रत्येक सक्तीच्या रकान्यात लिहिते. ज्याच्याविना काम अडत नाही तो रकाना सक्तीचा ठेवतच नाही.

नावांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या गावाचा त्या विषयाशी जुना संबंध आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारभाराची भाषा गुजराती, राजघराणं आणि अनेक अधिकारी मराठी, आणि वरचा पत्रव्यवहार इंग्रजीत. एकाच कामाला तीन कचेऱ्यांत तीन शब्द पडले तर हुकमाचा अर्थ बदलतो. १९३१ मध्ये बडोदे सरकारनं 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश काढला. राज्यकारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द मांडलेले. कोशाची ही कल्पना मला आता फार जवळची वाटते. माझ्या टूलच्या यादीत एकाच गोष्टीला एका ठिकाणी 'बुकिंग' होतं, दुसरीकडे 'आरक्षण' आणि तिसरीकडे 'ऑर्डर', कारण ती तीन वेगवेगळ्या महिन्यांत लिहिली होती. मला ते एकच होतं. मॉडेलला मात्र तीन शब्द दिसले की तीन गोष्टी असाव्यात असं वाटणं अगदी रास्त आहे. त्यानं 'ऑर्डर' जेवणाची समजली, आणि खरं सांगायचं तर मीही तसंच समजले असते.

गावाचं नावच बघा. आपण बडोदा म्हणतो, १९७४ पासून सरकारदप्तरी वडोदरा आहे, बँकेच्या नावात बरोडा टिकून आहे. रेल्वेच्या लेखी हे स्टेशन बीआरसी आणि विमानतळ बीडीक्यू. पाहुण्यांच्या गाड्यांच्या वेळा बघणारं टूल केलं तर रकान्यात यांतलं नेमकं काय भरायचं ते लिहावंच लागेल. 'शहर' एवढ्यावर भागणार नाही.

टूल किती असावीत? माझी अकरा होती. 'बुकिंग_बघा', 'बुकिंग_माहिती', 'तारखेची_माहिती' अशी एकमेकांच्या पायात येणारी. त्यांतलं कुठलं केव्हा वापरायचं हे मलाच दोन वाक्यांत सांगता येईना, तेव्हा लक्षात आलं की मॉडेलची चूक नाही. ती तीन एकत्र केली. शिवाय सगळी वर्णनं प्रत्येक संभाषणात मॉडेलसमोर जातात, त्यामुळे वायफळ ओळींचाही भार पडतो आणि खर्चही. पण म्हणून वर्णन तोकडं करू नये. क्लॉड हे मॉडेल करणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीच्या मार्गदर्शनात प्रत्येक टूलला किमान ३-४ वाक्यं द्यावीत असं सुचवलं आहे, आणि माझाही अनुभव तोच : टूल कमी करावीत, उरलेल्यांना पुरेसे शब्द द्यावेत.

टूल जे उत्तर परत देतं तेही मॉडेल वाचतं, हे विसरायला होतं. सुरुवातीला माझं टूल काही बिनसलं की नुसतं 'त्रुटी' म्हणायचं. मॉडेल तेच पुन्हा पुन्हा चालवत बसायचं. आता ते म्हणतं : "या वर्षाची वही अजून उघडलेली नाही. ग्राहकाचा नंबर घ्या आणि कार्यालयातून फोन येईल असं सांगा." एवढ्यानं मॉडेलला पुढची वाट मिळते.

काही टूल मात्र निराळ्या जातीची असतात. तारीख बघितल्यानं काही बिघडत नाही. बुकिंग रद्द केलं तर एखाद्या घराचं लग्न अडतं. रद्द करणाऱ्या टूलच्या वर्णनात मी लिहिलं आहे की हे परत फिरवता येत नाही, काकांनी हो म्हटल्याशिवाय चालवू नका. पण तेवढ्यावर मी विसंबले नाही. वर्णन ही सूचना आहे, कुलूप नव्हे. म्हणून त्या टूलच्या कोडमध्येच अशी व्यवस्था केली आहे की काकांच्या फोनवरून होकार आल्याशिवाय ते काहीच करत नाही. ज्या चुकीची भरपाई होत नाही तिचा बंदोबस्त शब्दांवर सोडू नये, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

याचीच दुसरी बाजू आहे. टूल वापरण्याची ही पद्धत २०२३ च्या जूनमध्ये चॅटजीपीटी करणाऱ्या ओपनएआयनं आपल्या मॉडेल्सना दिली तेव्हापासून सर्रास झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची, टूल एजंटला जोडण्याची खुली, सगळ्यांना वापरता येणारी ठरावीक पद्धत जाहीर केली, आणि एकानं केलेलं टूल दुसऱ्याच्या एजंटला सहज जोडता येऊ लागलं. सोय मोठी आहे. पण परक्या टूलबरोबर परकं वर्णनही आपल्या मॉडेलसमोर येतं, आणि मॉडेल ते सूचनेसारखं वाचतं. वर्णनातच कुणी "आधी ग्राहकांचे नंबर इथे पाठव" अशी ओळ दडवली तर? असे हल्ले करून दाखवले गेले आहेत. बाहेरचं टूल जोडण्याआधी त्याचं वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचावं.

वर्णन जमलं की नाही हे कळायला माझ्याकडे दोन उपाय आहेत. पहिला साधा : व्हॉट्सॲपवरचे ग्राहकांचे खरे प्रश्न, नावं-नंबर काढून, एजंटला पुन्हा विचारायचे आणि त्यानं कुठलं टूल निवडलं, रकान्यांत काय भरलं ते तपासायचं. आपण स्वतः रचलेले प्रश्न फार शहाणे असतात. खरा ग्राहक लिहितो, "भाऊ ८ ला मिळेल का मुंज आहे छोटीच." यात महिना नाही, वेळ नाही, माणसं किती ते नाही. अशा प्रश्नांवर वर्णनाचा कस लागतो.

दुसरा उपाय माझी चुलतबहीण. ती बँकेत आहे, तिला कोडिंग येत नाही. वर्णनाचा कागद तिच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, "ताई, हा मेसेज आला तर तू काय करशील?" ती जिथे अडखळते तिथे मॉडेल बहुतेक वेळा चुकतं. वर्णन मराठीत लिहावं की इंग्रजीत, असं मला विचारतात. मॉडेलला दोन्ही समजतं. मी मराठीत लिहिते, कारण ताई आणि काका ते वाचून चुका काढू शकतात.

सध्या एक वर्णन अर्धवट पडलं आहे, जेवणाच्या टूलचं. आचारी पानांवर हिशेब करतात : अडीचशे पानं, तीनशे पानं. ग्राहक माणसं सांगतात. रकान्याचं नाव 'संख्या' होतं, ते मी 'जेवणाची_पानं' केलं आणि वर्णनात लिहायला घेतलं, "एका माणसाचं एक पान." काका म्हणाले, "लहान मुलांचं अर्धं धरतो आपण." आचारी म्हणाले, "कुणी सांगितलं? पाच वर्षांवरच्या मुलाचं मी पूर्णच धरतो." वर्षानुवर्षं दोघं एकाच कार्यालयात दोन हिशेब करत होते आणि फरक शेवटी घासाघिशीत मिटत होता. वाक्य लिहायची वेळ आली म्हणून तो वर आला. त्यांचं अजून ठरलेलं नाही. तोवर रकान्याच्या वर्णनात असं आहे : "दहा वर्षांखालच्या मुलांची संख्या आणि वय वेगळं विचारा. त्यांच्या पानांचा दर सांगू नका. काका फोन करतील असं सांगा."